बेलगाम: एक बॅग, एक लॅपटॉप आणि वर्षातले सात महिने बाहेर

शहापूरकरीण

माझ्या २०१३ च्या पासपोर्टावर जन्मस्थानाचं, म्हणजे बेळगावचं, जे इंग्रजी स्पेलिंग छापलं होतं, ते बाहेरचा माणूस हमखास 'बेलगाम' असं वाचायचा. आई म्हणते, सरकारला तेव्हाच कळलं होतं.

सात महिने बाहेर राहून काम कसं जमतं, असं बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून एकदाच सगळं इथे लिहिते. वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्नमेकर होते. बिडाचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग ओतायच्या आधी त्याचा लाकडी पॅटर्न करावा लागतो, ते त्यांचं काम. मी तेच काम संगणकावर करते. इंग्लंडमधला एक पंप बनवणारा कारखाना आहे, त्याच्यासाठी कास्टिंगची ड्रॉइंगं आणि थ्रीडी मॉडेलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरात आलं आणि वर्षभरात लक्षात आलं की मी इथे बेळगावच्या शहापुरात बसले काय नि चंद्रावर बसले काय, त्यांना फरक पडत नाही. ड्रॉइंग वेळेत आणि बरोबर मिळालं की झालं.

आता माझं वर्ष साधारण असं असतं. दिवाळी करून निघायचं. नोव्हेंबर-डिसेंबर नेपाळमधलं पोखरा. जानेवारी ते मार्च व्हिएतनाममधलं दा नांग. एप्रिल-मे जॉर्जियात त्बिलिसी. जून लागला की घरी, कारण पावसाळ्यात कौलं बघायला माणूस लागतं आणि गणपती मी कुठल्याही देशासाठी सोडणार नाही.

म्हणजे वर्षात फक्त तीन गावं. याला जग फिरणं म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. पहिल्या वर्षी मी हौसेनं चार महिन्यांत नऊ ठिकाणं केली. दर दोनेक आठवड्यांनी नवी खोली, नवं वायफाय, नवं सिम, टॅक्सीवाल्याशी नवी घासाघीस. पैसे तर गेलेच, पण एका ड्रॉइंगमध्ये कोअरचं (आतल्या पोकळीच्या साच्याचं) माप चुकलं आणि तिकडे कास्टिंग भंगारात गेलं. बसच्या प्रवासात अर्ध्या झोपेत केलेलं काम होतं ते. तेव्हापासून एक हिशेब पक्का झालाय: खर्च राहण्याचा नसतो, हलण्याचा असतो. महिन्याच्या बोलीवर खोली घेतली की दर रोजच्या भाड्याच्या निम्म्यावर येतो, स्वयंपाकघर मिळतं आणि तिसऱ्या आठवड्यात भाजीवाली ओळखायला लागते.

पोखऱ्यात मला महिन्याला २०,००० नेपाळी रुपयांत खोली मिळाली. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे १२,५०० आपले. दा नांगला भाडं ७० लाख डाँग होतं, ऐकूनच छाती दडपते, पण ते जेमतेम २३-२४ हजार रुपये. त्बिलिसी सगळ्यांत महाग. २०२२ मध्ये युद्धामुळे रशियातून लोंढा आला आणि तिथली भाडी चढली.

बॅग सात किलोची, कारण स्वस्त विमानात तेवढीच फुकट नेता येते. लॅपटॉप आणि चार्जरच अडीच किलो. कपडे चार जोड. उरलेल्यात कपड्यांपेक्षा खाणं जास्त: शेंगाचटणी, जवसाची चटणी, गोडा मसाला आणि कडक भाकरी. ज्यांना वाटतं की प्रवासाचं खाणं म्हणजे नूडल्सचं पाकीट, त्यांनी आपल्याकडची पापडासारखी कडक ज्वारीची भाकरी कधी डब्यात ठेवून बघितली नाही. महिनाभर काही होत नाही तिला. सौंदत्तीच्या यात्रेला बैलगाडीतून जाणाऱ्यांनी हा शोध केव्हाच लावलाय.

वेळेचं गणित फार सोयीचं आहे, ते कुणी सांगत नाही. हिवाळ्यात इंग्लंडचे सकाळचे नऊ म्हणजे दा नांगचे दुपारचे चार. म्हणजे चारपर्यंत दिवस माझा. समुद्र, बाजार, स्वयंपाक, झोप. मग रात्री बारापर्यंत काम. त्बिलिसीत एप्रिलमध्ये तेच काम दुपारी बाराला सुरू होऊन आठला संपतं. अमेरिकेचं काम असणाऱ्यांनी मात्र पूर्वेकडे जायच्या आधी दहादा विचार करा, रात्री जागून समुद्र दिसत नाही.

आणि हो, ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून त्याच्या पॅटर्नला एक टक्का आकसण धरतात, मीटरमागे दहा मिलिमीटर. प्रवासाच्या बजेटला मी वीस टक्के फुगवटा धरते. तरी कमी पडतो.

विचारा काय विचारायचं ते.

निपाणीचा_पोरगा

भारी लिवलंय ताई. मी पुण्याच्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे, गेली दोन वर्षं निपाणीत घरातनंच काम करूलालोय. पगारी माणसाला हे जमतंय का? का फक्त स्वतंत्र काम करणाऱ्यालाच? आणि इंग्रजी तोडकंमोडकं असलं तर?

उद्यमबाग_१९८२

मी चाळीस वर्षं फाउंड्रीत काढली. ड्रॉइंग चुकल्यावर भट्टीपाशी उभं राहून शिव्या खाल्ल्याशिवाय ड्रॉइंग करणारा तयार होत नाही, हे माझं मत. पण तुझ्या वडिलांचे पॅटर्न आम्ही वापरत असू बहुतेक, त्यामुळे तुला सूट.

एक विचारतो, राग मानू नकोस. तू सात महिने बाहेर, तर आईकडे कोण बघतं?

चोर्ला_घाट

दा नांगात जेवायचं काय? मी शुद्ध शाकाहारी. म्हणजे अंडं चालतं, पण ते कुणाला सांगू नका.

शहापूरकरीण

@चोर्ला_घाट, पहिल्याच दिवशी पाटीवर 'चाय' वाचून मी चहा प्यायला आत शिरले. समोर आलं टोफू, अळंबी आणि भात! व्हिएतनामी भाषेत 'चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली बरीच बौद्ध माणसं शाकाहार पाळतात, त्या दिवशी या खानावळींत बसायला जागा मिळत नाही. आपल्या चतुर्थीला साबुदाणा संपतो तसं. फक्त माशाचं पाणी, म्हणजे त्यांचा फिश सॉस, इतर हॉटेलांत बिनदिक्कत भाजीत घालतात, ते विचारून घ्यायचं. त्बिलिसीत 'लोबिओ' मागव, तो आपला राजमाच. आणि तिथला पाव 'तोने' नावाच्या भट्टीत भिंतीला थापून भाजतात, तंदूरचा सख्खा भाऊ.

@निपाणीचा_पोरगा, इंग्रजी सोड. घरात मराठी, दुकानात कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत मारून मुटकून इंग्रजी, असं वाढलेलो आपण. पुण्यातली माझी मैत्रीण समोरचा काय बोलतोय हे कळेना की घाबरून जायची. मला त्याचं काही वाटतच नाही. अर्धं कळलं की उरलेलं हातवाऱ्यांनी, हे खडेबाजारात लहानपणापासून चाललंय. नव्या गावात आठवड्यात पन्नास शब्द पाठ करायचे: आकडे, भाज्या, 'नको', 'किती', 'कमी करा'. पुरतात.

पगारी माणसाचं मात्र वेगळं आहे. मालकाला न सांगता जाऊ नकोस. कंपनीच्या लॅपटॉपचं लोकेशन त्यांना दिसतं, शिवाय काही गिऱ्हाइकांच्या करारात डेटा देशाबाहेर उघडायचा नाही अशी अट असते. लेखी परवानगी घे. आधी चार आठवड्यांची माग, सहा महिन्यांची नको.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहिते.

हिशेबनीस

ताई, धागा छान आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट राहिली म्हणून लिहितो. लोकांचा समज असा की १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलं की इथला कर सुटला. ही झाली एक कसोटी. दुसरीही आहे: आर्थिक वर्षात ६० दिवस किंवा जास्त भारतात आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस किंवा जास्त, तर तुम्ही रहिवासीच. तुमचं जून ते ऑक्टोबर म्हणजे १५३ दिवस झाले. नोकरीधंद्यासाठी देश सोडणाऱ्याला, बाहेर स्थायिक होऊन भेटीला येणाऱ्याला यात सवलती आहेत, पण तुमच्यासारखं दरवर्षी परत येणाऱ्यानं त्या आपल्याला लागू आहेत असं स्वतःच ठरवू नये. आणि रहिवासी म्हटलं की जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात येतं.

बाहेरच्या गिऱ्हाइकाला दिलेली सेवा जीएसटीत निर्यात धरली जाते, शून्य दर. नोंदणी असेल तर दरवर्षी हमीपत्र भरायचं, तेवढं विसरू नका. बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला प्रत्येक वेळी मागून ठेवा. तीन वर्षांनी मागायला गेलात की बँकेतला माणूस तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही त्याची किडनी मागितली.

दुसरं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांचा आहे (ऑगस्ट २०२३ पासून), पण तो पर्यटनाचा. तिथे बसून बाहेरच्या गिऱ्हाइकाचं काम करणं ही करडी जागा आहे. कुणी अडवत नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे.

शहापूरकरीण

@हिशेबनीस, मान्य. मी इथे रहिवासी म्हणूनच कर भरते. करडी जागाही मान्य. ज्यांना स्वच्छ काम हवंय त्यांच्यासाठी आता खास व्हिसे निघालेत. एस्टोनियानं २०२० मध्ये सुरुवात केली. थायलंडचा डीटीव्ही जुलै २०२४ मध्ये आला: पाच वर्षं मुदत, एका वेळी १८० दिवस, खात्यात पाच लाख बात दाखवावे लागतात. मलेशियाचा 'डीई रांताऊ' आहे, त्यात संगणक क्षेत्रातल्या माणसाला वर्षाला २४,००० डॉलरच्या वर उत्पन्न दाखवावं लागतं. युरोपचं स्वप्न बघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, शेंगेनच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक) साध्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० च, आणि ते सगळ्या शेंगेन देशांचे मिळून. पोर्तुगालातून स्पेनमध्ये गेलं की मोजणी नव्यानं सुरू होते असं एका मुलानं मला छातीठोक सांगितलं होतं. होत नाही.

जांबोटीकर

मी उलटा प्रयोग केला. बेंगळूरची खोली सोडून खानापूर तालुक्यात गावी आलो, घरूनच काम. ऑक्टोबर ते मे स्वर्ग. भाडं नाही, दूध घरचं, आंबे घरचे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि वीज गेली ती तिसऱ्या दिवशी आली. इन्व्हर्टरची हवा संपली. मोबाईलचा टॉवरही विजेवरच, तोही गेला. मी छत्री घेऊन कणकुंबीच्या रस्त्याला चढावर उभा राहून मीटिंग केली, आणि तिकडून बाई म्हणतात, "पार्श्वभूमीला कसला आवाज आहे, शॉवर चालू आहे का?"

पावसाळ्यापुरती आता बेळगावात टिळकवाडीत खोली घेतो. म्हणजे बघा, मीही भटकाच, फक्त माझं वर्तुळ चाळीस किलोमीटरचं.

एक टोचणी मात्र आहे. आमच्याकडे बाहेरून माणसं येतात, जागा घेतात, होमस्टे बांधतात आणि गावातल्या पोराला भाड्यानं घर मिळेनासं होतं. ताई त्बिलिसीच्या भाड्यांबद्दल लिहितात, ती चढली ती तुमच्यामाझ्यासारख्या लॅपटॉपवाल्यांमुळेही असणार की. आपण तिकडे तेच करतो, जे इकडे आपल्याला खटकतं.

रिसालदार_गल्ली

थोडं विषयाला सोडून, पण अगदीच नाही. ऑक्टोबर १८९२ मध्ये एक बंगाली संन्यासी कोल्हापुराहून बेळगावला आला आणि आमच्या गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरला. पुढे वनखात्यातल्या हरिपद मित्रांकडे राहिला. पुढच्याच वर्षी तो शिकागोला बोलला. स्वामी विवेकानंद. ते भाट्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय. लहानपणी आजोबा दाखवायचे आणि म्हणायचे, बघ, सामान किती कमी घेऊन माणूस किती लांब जातो.

चोर्ला_घाट

त्यांना जीएसटीचं हमीपत्र नव्हतं भरायचं.

रिसालदार_गल्ली

खरंय. आणि वायफायचा पासवर्डही विचारावा लागला नाही. पण एक आहे, ते भल्या माणसांच्या घरी उतरायचे. आता आपण ॲपवर तारे बघून उतरतो.

शहापूरकरीण

@जांबोटीकर, शॉवर! पोट धरून हसले.

टोचणीबद्दल माझ्याकडे सफाई नाही. मी एवढंच पाळते की अख्खं घर घेत नाही. कुणाच्या घरातली खोली घेते, म्हणजे पैसे त्याच घरात जातात आणि भाडेकरू हुसकावला जात नाही. त्यानं प्रश्न सुटतो असं मी म्हणणार नाही.

आता काका. आईला ६९ चालू आहे. बहीण वडगावात, स्कूटरवर दहा मिनिटं. शेजारच्या अक्का रोज संध्याकाळी येऊन बसतात. हे सगळं सांगून मी लोकांना गप्प करते. पण दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आई न्हाणीघरात घसरून पडली, मनगट मोडलं, आणि मी दा नांगला. निघाल्यापासून घरी पोचायला ३१ तास लागले: दा नांग, बँकॉक, बेंगळूर, आणि मग राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभी. सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचं, विमान त्या दिवशी भरलेलं होतं. पोचले तेव्हा प्लास्टर घालून आई खाटेवर बसलेली आणि म्हणते, "एवढ्यासाठी आलीस होय? तिकिटाला किती गेले?"

तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. आणि एका दिवसात बेंगळूर किंवा गोवा गाठता येणार नाही अशा गावात राहायचं नाही. दक्षिण अमेरिका म्हणूनच यादीतून गेली. तुम्ही विचारलंत तो प्रश्न मात्र तसाच आहे. बहीण बघते, आणि बहिणीनं कधी बोलून दाखवलं नाही म्हणून तो फुकट होतो असं नाही. मी तिच्या मुलीच्या कॉलेजची फी भरते. तुम्हाला याला व्यवहार म्हणायचं असेल तर म्हणा.

उद्यमबाग_१९८२

व्यवहार नाही म्हणणार. माझा मुलगा पुण्यात आहे, साडेपाच तासांवर. पडलो तेव्हा तो चौथ्या दिवशी आला. ३१ तास बरे म्हणायचे.

मराठी_माणूस_सीमेवरचा

परदेशात 'कुठली' विचारल्यावर काय सांगता? कर्नाटक की महाराष्ट्र? इथे खरा मुद्दा तोच आहे!!

व्यवस्थापक

त्या विषयाचे सतरा धागे आहेत. इथे प्रवासच राहू द्या. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

शहापूरकरीण

व्यवस्थापक, उडवायच्या आधी एवढंच: दा नांगच्या समुद्रावर हुबळीचं एक कुटुंब भेटलं. काकूंनी "याव ऊरु?" (कुठलं गाव?) विचारलं, मी कन्नडमध्येच उत्तर दिलं, आणि त्यांनी पिशवीतून शेंगाचटणी काढली. माझ्याकडेही होती. अदलाबदल केली. त्यांची तिखट निघाली.

नावाचा घोळ मात्र खराच उपयोगी विषय आहे, आणि तो प्रवासाचाच आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं अधिकृत नाव बदलून 'बेळगावी' झालं. त्यामुळे आपल्यातल्या अनेकांच्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. एका देशाच्या व्हिसाला माझा अर्ज याच कारणानं परत आला होता, ही दोन वेगळी गावं आहेत असं समजून. आता मी सगळीकडे पासपोर्टावर जे आहे तेच अक्षरन् अक्षर लिहिते आणि नाव बदलाच्या अधिसूचनेची प्रत फोनमध्ये ठेवते. वडिलांचं नाव, आडनाव, मराठी शाळेच्या दाखल्यावरून इंग्रजीत करताना झालेल्या चुका, हे सगळं निघायच्या सहा महिने आधी तपासा.

दुसरी तशीच कंटाळवाणी पण जीव वाचवणारी गोष्ट: बँकेचा ओटीपी. भारतातलं सिम बंद पडलं की स्वतःच्याच पैशांना हात लावता येत नाही. निघायच्या आधी त्यावर रोमिंग चालू करून घ्या, रिचार्ज संपू देऊ नका आणि डेटासाठी तिथलं सिम वेगळं घ्या. माझ्या ओळखीतल्या एकाचं सिम तीन महिने रिचार्ज न केल्यानं बंद झालं. तो हॉटेलचं बिल द्यायला मित्राच्या कार्डाची वाट बघत दोन दिवस लॉबीत बसून होता. कार्डं दोन वेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या खिशांत.

निपाणीचा_पोरगा

ताई, मॅनेजरनं चार आठवडे दिले! नेपाळच म्हणालो. पासपोर्ट अजून आला नाही, आधार चालतंय का?

शहापूरकरीण

आधारवर विसंबू नकोस, विमानतळावर अडवतील. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. व्हिसा लागत नाही. थंडीचं नीट घे, निपाणीच्या स्वेटरनं भागणार नाही.

हिशेबनीस

अभिनंदन. मॅनेजरचा मेल छापून ठेव.

निपाणीचा_पोरगा

(सहा आठवड्यांनी धागा वर काढतोय.)

पोखऱ्याला जाऊन आलो. मतदार कार्ड चाललं. खोली १८,००० नेपाळीत मिळाली, घरमालकीण रोज डाळभात द्यायची आणि संपवल्याशिवाय उठू द्यायची नाही, आमच्या अज्जीसारखी. कडक भाकऱ्या आईनं चाळीस दिल्या होत्या. बारा मी खाल्ल्या, बाकीच्या त्या घरातल्या पोरांनी पापड म्हणून फस्त केल्या. पहिल्या आठवड्यात तीन दिवस मी कुठंच गेलो नाही, डोंगर खिडकीतनं दिसत होता तेवढा बघितला. तुम्ही म्हणालात ते कळलं, हलायचं नाही.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे. मी भिंतीवरच्या घड्याळात बघून मीटिंगला बसायचो. महिनाभर रोज पंधरा मिनिटं आधी. मॅनेजर म्हणाला, घरी असताना तू उशिरा यायचास, तिकडंच राहा की.